एक्झॉस्टचे जाम नट आणि पिळाचे गणित

इंजिनावर असंख्य नट-बोल्ट असतात, पण सर्वांत जास्त धास्ती वाटते ती एक्झॉस्टच्या बाजूच्या नटांची. सिलिंडर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळलेला वायू एकत्र करून नेणारा नळ्यांचा जोड, ज्या स्टडवर (हेडमध्ये रोवलेल्या, दोन्हीकडे आटे असलेल्या दांड्यांवर) जखडलेला असतो, ते बहुतेक मोटारींत जेमतेम 8 किंवा 10 मिलिमीटर जाडीचे असतात आणि बसवताना त्यांच्या नटांना दिलेला टॉर्कही, म्हणजे पिळाचा जोरही, फार मोठा नसतो. 8 मिलिमीटरच्या स्टडसाठी तो साधारणपणे 20 ते 25 न्यूटन-मीटर असतो. तरीही काही वर्षांनी तोच नट सोडवायला गेले, तर दुप्पट जोर लावूनही तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा पुष्कळदा नट नव्हे, तर तुटलेला स्टड हातात येतो.

हा नट घट्ट असतो असे आपण म्हणतो, ते पूर्णपणे खरे नाही. पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू मोठ्या भाराखाली 800 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. मॅनिफोल्ड आणि त्यालगतचा स्टड इतके तापत नसले, तरी पोलाद दीर्घकाळ तापत राहिले की ताणाखाली हळूहळू सैलावते आणि मुळात दिलेला ताण बराचसा ओसरून जातो. त्यानंतर नट धरून ठेवते ते मुख्यतः आट्यांमधले ऑक्साइड. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या किमान दुप्पट जागा व्यापतो. आट्यांमधली मोकळीक मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांपासून फार तर एक-दोन दशांशांपर्यंत असते, त्यामुळे गंज तिथे नुसता भरत नाही, तर दाटून बसतो आणि दोन्ही पृष्ठभागांवर दाब देतो. त्यात भर पडते ती असमान प्रसरणाची. ॲल्युमिनियमचे हेड एका अंशाला दशलक्षात सुमारे 23 भाग प्रसरण पावते, पोलादी स्टड 12 आणि बिडाचा मॅनिफोल्ड 10 ते 11. प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि निवताना हे तिघे एकमेकांवर किंचित सरकतात, आणि कडेचे स्टड दर वेळी थोडे आडवे वाकवले जातात. कडेचेच स्टड आधी का तुटतात, याचे उत्तर इथे आहे.

हे नट हाताला लागत नाहीत, यामागे मोटारींच्या रचनेचा इतिहास आहे. 1959 साली आलेल्या मिनी मोटारीने आडवे बसवलेले इंजिन लोकप्रिय केले आणि छोट्या मोटारींत तीच पद्धत रूढ झाली. अशा अनेक गाड्यांत एक्झॉस्टची बाजू केबिनच्या भिंतीकडे असते आणि मधे जेमतेम हात जाईल एवढीच फट उरते. पुढे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो सुमारे 250 ते 300 अंशांना पोहोचल्याशिवाय नीट काम करत नाही आणि थंड इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले एक-दोन मिनिटच सर्वांत जास्त धूर सोडतात, म्हणून अभियंत्यांनी तो सरकवत सरकवत थेट हेडला आणून भिडवला. स्वच्छ हवेसाठी हा निर्णय अगदी योग्य होता. पाना धरणाऱ्या हाताचा विचार मात्र त्यात कोणी केलेला दिसत नाही.

अरुंद जागेत पहिली अडचण येते ती पाना फिरवण्याच्या कोनाची. षट्कोनी नटावर उघडा पाना दर 60 अंशांनी पुन्हा बसतो. पण त्याचे तोंड दांड्याशी 15 अंश तिरके ठेवलेले असते, म्हणून पाना उलटवून लावला की 30 अंशांच्या जागेतही काम भागते. 72 दातांच्या रॅचेटला (एकाच दिशेने पकडणाऱ्या, मागेपुढे हलवायच्या पान्याला) तर दाता-दातांत 5 अंशच पुरतात. कागदावर हे छान दिसते, प्रत्यक्षात मात्र लांब एक्स्टेन्शन (रॅचेट आणि नटावर बसणारा सॉकेट यांच्यामधला जोडदांडा) लावले की त्याचा स्वतःचा पीळ आणि सांध्यांमधली ढिलाई मिळून ते 5 अंश गिळून टाकतात, आणि रॅचेट टकटक वाजत राहतो, नट जिथल्या तिथे. दांड्याचा ताठपणा लांबीबरोबर कमी होतो आणि जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो; जाडी सव्वापट केली तर ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. म्हणून लांबून काम करायचे असेल तर जाड एक्स्टेन्शनच घ्यावे. इम्पॅक्ट गनचे (झटके देत नट फिरवणाऱ्या यंत्राचे) फटकेही बारीक, लांब दांड्यात स्प्रिंगसारखे मुरतात आणि नटापर्यंत फारच थोडे पोहोचतात.

युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे दांडा कोनात वाकवू देणाऱ्या सांध्याची, गोष्ट याहून नाजूक आहे. 30 अंशांच्या वाकाला त्यातून जाणारा टॉर्क एका फेऱ्यात मूळच्या सुमारे 0.87 पट ते 1.15 पट असा खालीवर होतो. पण खरे नुकसान होते ते बाजूच्या रेट्याने. सॉकेट तिरका होतो, फक्त कडांवर टेकतो आणि गंजाने आधीच झिजलेला नट गोल होतो. इथे बारा कोनांपेक्षा सहा कोनांचा सॉकेट बरा, कारण तो कोपऱ्यांऐवजी बाजूंवर दाब देतो. माझ्या मते, गाडी स्टँडवर घेऊन खालून, गिअरबॉक्सच्या कडेने सरळ रेषेत जाणारी लांब वाट सापडत असेल, तर वरून वाकड्या हाताने झटापट करण्यापेक्षा तीच निवडावी.

मुरणारे तेल आट्यांत शिरते ते केशाकर्षणाने, आणि ते किती खोल जाते हे वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने चालते: दुप्पट खोल जायचे तर चौपट वेळ लागतो. फवारल्यावर पाच मिनिटांत पाना लावणे म्हणूनच बहुधा फुकट जाते. आदल्या रात्री तेल सोडावे आणि स्टडच्या टोकावर हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाच्या थरात सूक्ष्म भेगा पडतात. तापलेल्या एक्झॉस्टवर मात्र तेल फवारू नये, ते पेट घेऊ शकते.

उष्णतेचा उपाय याहून प्रभावी आहे. नट तापवला की त्याचे छिद्र आक्रसेल असे अनेकांना वाटते, पण छिद्रही धातूबरोबरच मोठे होते. 8 मिलिमीटरच्या छिद्राचा नट स्टडपेक्षा 400 अंशांनी जास्त तापला, तर छिद्र मिलिमीटरच्या सुमारे चार शतांशांनी वाढते. गंजाची पकड मोडायला एवढे पुष्कळदा पुरते. अट एकच, उष्णता चटकन द्यायची, म्हणजे स्टड तापण्याआधी नट तापेल. वायर, नळ्या आणि इंधनवाहिन्यांच्या गर्दीत ज्योत नेण्यापेक्षा इंडक्शन कॉइल सुरक्षित असते, कारण ती धातूतच प्रवाह निर्माण करून त्याला आतून तापवते. ॲल्युमिनियमच्या हेडशेजारी विशेष जपावे; ते पोलादासारखे लाल होऊन इशारा देत नाही.

पिळाखाली स्टडची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. गंजाने व्यास एक दशांश घटला तर ताकद 27 टक्क्यांनी घटते. म्हणून दांड्याला पाइप लावून जोर वाढवण्याआधी हाताला काय जाणवते ते ओळखावे. पाना सोडताच परत येत असेल, तर स्टड किंवा एक्स्टेन्शन नुसते पिळले जात आहे. पाना मऊ फिरतो आणि परत येत नाही, तर एकतर नट सुटतो आहे किंवा स्टड कायमचा पिळवटतो आहे; हा फरक लांब एक्स्टेन्शनमधून कळत नाही, तेव्हा नट आणि स्टडच्या टोकावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी आणि छोट्या आरशात पाहावे. रेघ तुटली तर नट स्टडवर फिरतो आहे. ती अखंड राहून दोन्ही एकत्र फिरत असतील, तर नटासह स्टडच हेडमधून बाहेर येतो आहे किंवा तुटण्याच्या वाटेवर आहे. तो बाहेर येत असेल तर चिंता नाही, नवा घालता येतो. कर्र असा आवाज आला की थांबून पाव फेरा परत आवळावे, तेल द्यावे आणि पुन्हा सोडवावे. आटे अशा मागेपुढे फिरण्याने साफ होतात.

स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर शिल्लक असेल, तर त्यावर नवा नट वेल्ड करणे हा बहुधा उत्तम मार्ग ठरतो; पकडायला जागा मिळते आणि वेल्डिंगची उष्णता गंजाची पकडही सैल करते. पृष्ठभागाशीच तुटलेल्या स्टडचा तुकडा काढायला त्याला नेमके मध्यावर भोक पाडावे लागते, आणि त्या फटीत ड्रिल सरळ धरणे हेच सर्वांत अवघड असते.

नवे नट तांब्याचा मुलामा दिलेले घ्यावेत. साधे स्टेनलेसचे नट गंजत नाहीत, पण स्टेनलेसच्याच आट्यांवर ते घासून चिकटू शकतात. आट्यांना उष्णता सोसणारे निकेलयुक्त वंगण लावले तर पुढचे काम सोपे होते. मात्र कोरड्या आट्यांना दिलेला बहुतांश टॉर्क घर्षणातच खर्ची पडत असतो. वंगणाने घर्षण घटले की त्याच टॉर्कला स्टडवर जास्त ताण येतो, त्यामुळे निर्मात्याने दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे आवळण्याआधी पाहून घ्यावे.