आराखडा कोणता, शहराचा की गावाचा?

आबांचं घर गावात, वावर मात्र शिवेपलीकडे, नगरपालिकेच्या हद्दीत. पेरण्या आटोपल्या होत्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आबा उठले आणि सरळ विचारलं, "मना वावरमा रस्ता काब्र टाका?" (म्हणजे, माझ्या शेतात रस्ता का टाकला?) ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात अजून जुनंच नाव येतं) फाइल चाळली. त्यात गटार होती, अंगणवाडीची दुरुस्ती होती, पेव्हर ब्लॉक होते. रस्ताही होता, पण मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंतचा. आबांचा रस्ता कुठेच नव्हता. "आराखड्यामा शे म्हणे," (आराखड्यात आहे म्हणतात) आबा ठासून सांगत होते. त्यांचंही बरोबर होतं. फक्त तो आराखडा वेगळा.

दोन्हींचं नाव 'विकास आराखडा'. शहराचा, ज्याला सगळे डीपी (डेव्हलपमेंट प्लॅन) म्हणतात, तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतो. गावाचा म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा, 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून २०१५ पासून ओळखीचा झालेला. गोंधळ कायद्याच्या नावामुळे होत नाही. एक आराखडा जमिनीबद्दल बोलतो आणि दुसरा पैशाबद्दल, हे कुणी सांगत नाही म्हणून होतो. डीपीच्या नकाशावर बाग, शाळा, १८ मीटरचा रस्ता सगळं दिसतं. ते बांधायला पैसे कधी येणार, हे मात्र नकाशावरून कळत नाही. गावाच्या आराखड्यात रुपयांचे रकाने असतात, पण तुमच्या गट नंबरवर पिवळा (निवासी) पट्टा की हिरवा (शेतीचा), याचा त्यात शब्द नसतो.

पांझरा नदीकाठच्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागू नये. आपल्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून शेताच्या पट्ट्यांना (फडांना) वाटायच्या रीतीत, बंधारा, पाट आणि फडांच्या सीमा एकदाच ठरलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या त्याच. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भुसार, पाणी कुठे आधी, हे दर साली गावाने बसून ठरवायचं आणि पाटकऱ्याने राबवायचं. डीपी म्हणजे फडाची आखणी. गावाचा आराखडा म्हणजे यंदाची पीकपाळी.

आखणी किती टिकते ते धुळ्यात पाहावं. १८१८ नंतर ब्रिटिश अंमल आला, कॅप्टन ब्रिग्जने खानदेशच्या मुख्यालयासाठी धुळं निवडलं आणि नवी वसाहत आखली. सरळ रेषेतल्या गल्ल्यांना नंबर पडले, आणि धुळेकर आजही पत्ता सांगताना 'गल्ली नंबर पाच' म्हणतो. म्हणूनच डीपी पुन्हा तपासायला घेतात तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

कायद्याने ही फेरतपासणी २० वर्षांतून किमान एकदा करायची असते. आधी इरादा जाहीर होतो, मग नगररचनेची माणसं फिरून आज कुठे काय आहे याचा विद्यमान भूवापर नकाशा करतात. माझ्या मते खरी लढाई इथे असते आणि इथेच कुणी फिरकत नाही. तुमचं घर या नकाशात मोकळी जागा म्हणून गेलं, तर पुढे त्यावर बगीचा आला म्हणून ओरडण्यात अर्धा जीव जातो. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. हरकती-सूचनांची मुदत जाहिरातीत दिलेली असते, आपल्याकडे ती बहुधा ३० दिवसांचीच.

या हरकती ऐकायला बसते ती नियोजन समिती. लोकांना वाटतं की ती नगरसेवकांची, म्हणून आपल्या वॉर्डाच्या भाऊला फोन केला की झालं. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. म्हणजे टेबलापलीकडे तुमच्या ओळखीपेक्षा तुमचा मोजणी नकाशा वाचणारी माणसं जास्त असू शकतात. तिथे "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच बोलून उपयोग नाही. गट नंबर, सातबारा, शेजारून जाणारा जुना शिवरस्ता, असं दाखवता येईल ते घेऊन जावं. समिती अहवाल देते, पालिका त्यावरून फेरबदल करते आणि शेवटची सही राज्य सरकारची. एकदा मंजूर झालं की साधा फेरबदल करायलाही पुन्हा जाहीर सूचना आणि सरकारची मंजुरी लागते.

डीपीत जमिनीवर बाग, शाळा असं आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली, असं मात्र नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक त्याच १९६६च्या कायद्याच्या कलम १२७ खाली मालकीच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पाऊल उचललं नाही, तर आरक्षण रद्द होतं. अंमलाची तारीख पाहून ठेवा, दहा वर्षं तिथून मोजतात.

गावाचं सगळं आटोपशीर. पैसा मुख्यतः वित्त आयोगाचा. मार्च २०२६ पर्यंतच्या १५व्या वित्त आयोगात गावाकडे येणाऱ्या रकमेतले ८० टक्के ग्रामपंचायतीला मिळत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा. २०२१ पासून त्यातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. सभामंडप हवा असेल तर उरलेल्या ४० टक्क्यांत डोकं घालावं लागे. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुव्याकडे पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा पेसा कायदा जिथे लागू आहे त्यांना) आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. तिथली ग्रामसभा म्हणूनच आपल्यापेक्षा जागी असते, असं मला वाटतं.

ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती भरली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. दहा जणांच्या सह्यांवर वर्षाचे पैसे ठरतात ते असे. कपाशीची वेचणी चालू असताना २ ऑक्टोबरला कोण येणार, हेही खरंच.

आबांना मी पालिकेच्या नगररचना विभागात नेलं. तिथे त्यांनी गट नंबर सांगून भाग नकाशा आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे त्याचा कागद) मागितला. रस्ता होताच, वावराच्या पूर्वेच्या बांधावरून जात होता, आणि हरकतीला अजून नऊ दिवस होते. आबांनी बाहेर येऊन चहा सांगितला आणि पहिलं काय विचारलं, तर मोजणीवाला किती घेतो.