विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं अजून का गेलं नाही

छोट्या विमानाचे स्पार्क प्लग काढले की त्यांच्या खाचेत बारीक राखाडी मणी अडकलेले दिसतात, मेकॅनिक ते टोच्याने उकरून काढतो. ते मणी म्हणजे शिसं. प्लगला चिकटतं ते थोडंसंच, बाकीचं धुरातून बाहेर.

सुरुवात १९२१ ची. इंजिन 'नॉक' करायचं, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल आपोआप भडकून ठोके बसायचे, त्यावर जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला टेट्राएथिल लेड, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं शिशाचं द्रवरूप संयुग, हा उतारा सापडला. शिसं विषारी असतं हे तेव्हा माहीत नव्हतं असं अजिबात नाही हं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या रिफायनरीत ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तर या गृहस्थाने पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुवून दाखवले, वर मिनिटभर वास घेतला, आणि आदल्याच वर्षी तो स्वतः शिशाच्या विषबाधेने सुट्टीवर होता!

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवतं, पण खरा घाव मुलांच्या मेंदूवर. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमनने मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले, ज्यांच्या दातात शिसं जास्त त्यांचा बुद्ध्यांक कमी आणि वर्गात लक्षही कमी.

गाड्यांमधून ते हळूहळू गेलं, अमेरिकेत १९९६ ला पूर्ण बंदी, शेवटी अल्जीरिया २०२१. विमानं मात्र सुटली, कारण हाय कॉम्प्रेशन (पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबणारं) इंजिन हवेत नॉक करून बंद पडलं तर बाजूला घेऊन थांबता येत नाही, आणि नवं इंधन म्हटलं की मंजुरीची कटकट. (जेटचा यात संबंध नाही, ते केरोसीनवर चालतं.) सत्तरच्या दशकात १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल आलं, निळ्या रंगाचं, एलएल म्हणजे लो लेड. आता हे 'लो' किती, तर लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गाड्यांच्या पेट्रोलमध्ये असायचं साधारण तेवढंच. आधीच्या हिरव्या विमान-पेट्रोलमध्ये दुप्पट होतं म्हणून हे लो!

कॅलिफोर्नियात रीड-हिलव्ह्यू विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं तेव्हा सांता क्लारा काउंटीने २०२२ पासून तिथे शिशाच्या पेट्रोलची विक्रीच थांबवली. त्याच वर्षी एफएएने (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) जी१००यूएल या बिनशिशाच्या इंधनाला मंजुरी दिली, २०२३ मध्ये ईपीएने (तिथलं पर्यावरण खातं) या धुराने आरोग्याला धोका असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं, आणि अमेरिकेत शिसं पूर्ण काढायचं टार्गेट आहे २०३० अखेर. तोवर उड्डाणाआधी टाकीतलं कपभर निळं पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का बघायचं आणि ते तसंच जमिनीवर फेकायचं, ही जुनी सवयसुद्धा काही पायलटांची सुटलेली नाही.