मेल सर्व्हरचे नाव आणि डीएनएसमधील नोंदी : पार्श्वभूमी

डोमेनचे नाव एक, मेल सर्व्हरचे होस्टनेम, म्हणजे त्या यंत्राचे स्वतःचे नाव, दुसरे आणि डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे हे सांगून त्या दोघांना जोडणारी एमएक्स नोंद तिसरी, हा पसारा नवख्याला उगाच वाढवलेला वाटतो. आणि सुरुवातीला तो नव्हताही. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ईमेलच्या पत्त्यात 'ॲट'चे चिन्ह आणले, तेव्हा त्या चिन्हापुढे प्रत्यक्ष यंत्राचेच नाव येई. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावरील सगळ्या यंत्रांची नावे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या एकाच फाइलमध्ये नोंदलेली असत. यंत्रे वाढत गेली तशी ती फाइल आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून यंत्राचा आयपी पत्ता (अंकी पत्ता) शोधून देणाऱ्या विखुरलेल्या यंत्रणेचा, आराखडा मांडला.

त्या आराखड्यात टपालासाठी एमडी आणि एमएफ अशा दोन नोंदी होत्या. पहिली पत्र जिथे पोचवायचे त्या यंत्राची, दुसरी ते पुढे धाडणाऱ्या यंत्राची. कॅशमध्ये, म्हणजे आधी मिळालेल्या उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्यात, यांपैकी एकच सापडली, तर ती पुरेशी मानावी की नाही हे पाठवणाऱ्याला ठरवता येत नसे. जानेवारी १९८६ मध्ये या दोहोंच्या जागी एमएक्स आली आणि क्रेग पार्ट्रिज यांच्या 'आरएफसी ९७४'ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) तिचे नियम घालून दिले : नोंदीतला आकडा जितका लहान, तितका त्या सर्व्हरचा मान आधी. पत्त्यातले नाव आणि पत्र घेणारे यंत्र यांची फारकत झाली ती इथे.

पाठवणाऱ्या सर्व्हरच्या नावाला मात्र बराच काळ कोणी फारसे विचारत नव्हते. संभाषण सुरू करताना 'हेलो' या आज्ञेत पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव हवे तर पडताळावे, पण ते जुळले नाही म्हणून पत्र नाकारू नये, असे १९८९ चा 'आरएफसी ११२३' बजावतो. स्पॅमच्या लोंढ्यापुढे हे औदार्य टिकले नाही, आणि त्यात नवल नाही. २००६ मध्ये एसपीएफ, २००७ मध्ये डीकेआयएम आणि २०१५ मध्ये डीमार्क या, पत्र खरोखर त्या डोमेनकडूनच आले का हे तपासण्याच्या पद्धतींचे दस्तऐवज प्रसिद्ध झाले. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने सर्वच प्रेषकांकडे सुलट (नावावरून आयपी पत्ता देणारी, म्हणजे ए) आणि उलट (पत्त्यावरून नाव देणारी, म्हणजे पीटीआर) अशा दोन्ही नोंदींची मागणी सुरू केली.

'मेल.उदाहरण.इन' या नावाची ए नोंद १९२.०.२.२५ असेल, तर '२५.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा' या उलट्या नावाची पीटीआर नोंद पुन्हा 'मेल.उदाहरण.इन' हेच उत्तर देणारी हवी. यातली ए नोंद डोमेनधारक स्वतः लिहितो. पीटीआर मात्र आयपी पत्ता ज्याच्या ताब्यात असतो त्या सेवादात्याकडून लिहून घ्यावी लागते, आणि ती मागताना होस्टनेम आधीच पक्के झालेले असावे लागते.