आतड्याच्या तुकड्यात कंपवाताचा माग

कंपवाताचे निदान करताना मेंदूविकारतज्ज्ञ आजही मुख्यतः स्वतःच्या डोळ्यांवर आणि हातांवरच विसंबतात. रुग्णाची चाल मंदावली आहे का, मनगट फिरवताना ते ताठर लागते का, मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात थरथरतो का, हे ते तपासून पाहतात. मात्र ही लक्षणे दिसू लागेपर्यंत मध्यमेंदूतील डोपामिन (हालचालींचे संदेश पोहोचवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास निकामी झालेल्या असतात. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा एवढ्यासाठी काढता येत नाही. आतड्याचा मात्र काढता येतो, आणि कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीच्या) वेळी तो नाना कारणांनी रोज काढला जातो.

मेंदूचा आजार आतड्यात शोधण्याची कल्पना वरवर विचित्र वाटली तरी तिचे धागे जुने आहेत. ज्यांचे नाव या आजाराला मिळाले त्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 सालच्या आपल्या निबंधातच रुग्णांच्या बद्धकोष्ठाची नोंद केली होती. पुढे होनोलुलू येथे जपानी वंशाच्या 6,790 पुरुषांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. त्या अभ्यासाचे 2001 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की, ज्यांना शौचाला दिवसातून एकदाही नियमित होत नसे, त्यांच्यात पुढे कंपवात होण्याचे प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या 2.7 पट होते. (पोट साफ न होण्याची तक्रार आपल्याकडे घरोघरी असते आणि त्यांतल्या बहुतेकांना कंपवात कधीच होत नाही, हेही येथेच सांगून टाकलेले बरे.)

या संबंधामागचा दुवा म्हणजे अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन. ते निरोगी चेतापेशींतही असते. कंपवातात मात्र त्याच्या रेणूची घडी, म्हणजे त्याचा नेहमीचा आकार, बिघडते, रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. मेंदूतील ‘ल्युई बॉडी’ नावाच्या गुठळ्यांचा हाच मुख्य घटक असल्याचे 1997 साली स्पष्ट झाले. आतड्याच्या भिंतीतही कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते आणि व्हेगस ही चेता त्या जाळ्याला मेंदूच्या बुंध्याशी जोडते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी 2003 साली असा तर्क मांडला की, निदान काही रुग्णांत तरी हा बिघाड आतड्यात सुरू होऊन व्हेगसच्या वाटेने वर चढत असावा.

तर्क तपासायला लागणारे नमुने पॅथॉलॉजी विभागांच्या कपाटांत पडून होते. पॉलिपसाठी (आतड्याच्या अस्तरावरील लहान गाठीसाठी) किंवा अन्य तक्रारीसाठी पूर्वी कधीतरी काढलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असतात. शिकागोच्या संशोधकांनी 2012 साली अशा तीन व्यक्तींचे मोठ्या आतड्याचे जुने तुकडे तपासले. त्यांना कंपवाताची लक्षणे सुरू होण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी ते काढलेले होते आणि तिन्हींत अल्फा-सिन्यूक्लिन सापडले. डेन्मार्कमधील 2016 सालच्या अभ्यासात तर निदानापूर्वी सुमारे वीस वर्षांपर्यंतच्या ऊतींतही त्याचा माग लागला. भविष्यातील रुग्णाचा भूतकाळ असा आयता हाती लागणे ही वैद्यकशास्त्रात दुर्मीळच गोष्ट म्हणावी लागेल.

तरीही यातून सरळ चाचणी तयार झाली नाही आणि त्याची कारणे माझ्या मते शोधाइतकीच उद्बोधक आहेत. कोलोनोस्कोपीचा चिमटा आतड्याचे वरचे अस्तर आणि फार तर त्याखालचा थोडासा भाग खुडतो. स्नायूंच्या दोन थरांमध्ये दडलेल्या चेताजाळ्यापर्यंत पोहोचायचे तर आतड्याला भोक पडण्याचा धोका पत्करावा लागतो. शिवाय मृत्यूनंतर केलेल्या तपासण्यांत या गुठळ्या लाळग्रंथीत आणि अन्ननलिकेच्या खालच्या भागात सर्वाधिक, तर मोठ्या आतड्यात आणि गुदाशयात सर्वात कमी आढळल्या. थोडक्यात, जेथून तुकडा काढणे सोपे असते तेथेच पुरावा विरळ असतो. त्यातच निरोगी माणसांच्या आतड्यातही हे प्रथिन रंगद्रव्याने उजळून दिसते, त्यामुळे एकाच काचपट्टीबाबत दोन तज्ज्ञांची मते जुळतीलच असे नाही.

नुसते रंग पाहण्याऐवजी प्रथिनाची वागणूक पाहावी, हा यावरचा नवा मार्ग आहे. बिघडलेले अल्फा-सिन्यूक्लिन शेजारच्या निरोगी रेणूलाही आपल्यासारखे बिघडवते. दुधाला विरजण लागावे तसे. नमुन्यातील अत्यल्प गुठळ्या निरोगी प्रथिनाच्या द्रावणात घालून वाढवल्या की त्या मोजता येतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीने आतड्याचे तुकडे तपासले असता 18 पैकी 10 रुग्णांत चाचणी सकारात्मक आली, तर निरोगी 11 जणांपैकी केवळ एकात. खोटा इशारा क्वचितच मिळाला, परंतु 8 रुग्ण हुकले. हीच पद्धत मणक्यातून काढलेल्या पाण्यावर वापरली असता 2023 सालच्या मोठ्या अभ्यासात सुमारे 88 टक्के रुग्ण ओळखता आले, आणि त्वचेच्या लहानशा तुकड्यातील प्रथिन रंगवून पाहण्याची पद्धतही पुढे सरसावली आहे. त्यामुळे केवळ कंपवाताच्या शंकेपोटी आतड्याचा तुकडा काढण्याचा सल्ला आज नेहमीच्या उपचारांत दिला जात नाही.

हुकलेल्या रुग्णांमागे केवळ तंत्राची उणीव असेलच असेही नाही. डेन्मार्कमधील पेर बोर्गहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले आहे की, कंपवाताच्या दोन वाटा असाव्यात: काहींत तो आतड्यासारख्या भागातून मेंदूकडे जातो, तर काहींत मेंदूतच सुरू होऊन मागाहून शरीरात उतरतो. हे खरे असेल, तर दुसऱ्या वाटेच्या रुग्णाचे आतडे आजाराच्या सुरुवातीला स्वच्छच दिसेल.