कारखान्यात घडणारी इमारत आणि तिचा पर्यावरणावरचा भार: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मॉड्युलर इमारतीची चौकशी करणारे ग्राहक बहुधा दोन प्रश्न विचारतात: वेळ किती वाचेल आणि पर्यावरणाची हानी खरोखर कमी होते का. पहिल्याचे उत्तर आम्ही अंदाजपत्रकासोबत देतो. हे पत्रक दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

या पद्धतीत खोलीएवढे गाळे सांगाडा, भिंती, वायरिंग आणि नळजोडणीसह कारखान्यात पूर्ण केले जातात, ट्रेलरवरून जागेवर आणले जातात आणि क्रेनने पायावर बसवून एकमेकांना जोडले जातात. पाया मात्र जागेवरच घालावा लागतो.

बचत प्रथम दिसते ती कापाकापीत. 12 मीटर लांबीच्या लोखंडी सेक्शनमधून 5 मीटरचे दोन तुकडे काढले की 2 मीटर उरतात. बांधकामाच्या जागेवर असा तुकडा चिखलात गंजत पडतो आणि शेवटी भंगारात जातो. कारखान्यात तो मापानुसार रॅकवर ठेवला जातो आणि पुढच्या गाळ्याच्या खिडकीवरील आडव्या पट्टीसाठी वापरला जातो. छपराखाली काम होत असल्यामुळे जिप्सम बोर्ड भिजून वाया जात नाहीत, आणि वायरिंगची वाट आधीच ठरलेली असल्यामुळे नव्या भिंतीला झिऱ्या मारून पुन्हा प्लास्टर करण्याची वेळ येत नाही.

दुसरी बाब सिमेंटची. चुनखडी भाजताना, भट्टीत इंधन कोणतेही असो, 100 किलो शुद्ध चुनखडीतून सुमारे 44 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. हलक्या पोलादी सांगाड्याला लहान पाया पुरतो, त्यामुळे काँक्रीट कमी लागते. तथापि पोलादही निर्दोष नाही: खनिजापासून कोळशाच्या आधारे बनवलेल्या पोलादाचा कार्बनभार भंगार वितळवून विजेच्या भट्टीत बनवलेल्या पोलादाहून बराच जास्त असतो, म्हणून ते कुठल्या प्रकारचे आहे हे आम्हाला अवश्य विचारावे. शिवाय शेजारच्या दोन गाळ्यांमध्ये भिंत दुहेरी होते, आणि खालच्या गाळ्याच्या छतावर वरच्याची जमीन येते. म्हणजे काही ठिकाणी साहित्य जास्तच लागते.

वाहतुकीबाबतही स्पष्ट सांगितलेले बरे. तयार गाळा नेणे म्हणजे बहुतांशी हवा वाहून नेणे होय. जागा फार दूर असेल तर आम्ही स्वतःच गाळ्यांऐवजी एकावर एक रचून नेता येणारे सपाट पॅनेल सुचवतो.

इमारत सुटी करून पुन्हा वापरता येईल, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दावा. पण तो आपोआप खरा ठरत नाही. टोकियोतील नाकागिन कॅप्सूल टॉवर 1972 साली उभा राहिला. त्याच्या 140 कॅप्सूल सुमारे 25 वर्षांनी बदलायच्या, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात वरच्या कॅप्सूल काढल्याशिवाय खालची निघत नव्हती. एकही बदलली गेली नाही आणि 2022 मध्ये इमारत उतरवावी लागली. म्हणून आम्ही शक्य तेथे वेल्डिंगऐवजी नट-बोल्ट वापरतो, प्रत्येक सांध्यापर्यंत पाना पोहोचेल इतकी जागा राखतो आणि सांध्यांचा नकाशा ग्राहकाच्या हवाली करतो.

उत्पादन सुरू झाल्यावर खिडकी हातभर सरकवायची म्हटले तरी तयार भिंत उघडावी लागते आणि वाचवलेले साहित्य राडारोड्यात जाते. त्यामुळे अंतिम आराखड्यावर आपली सही झाल्याशिवाय आम्ही कापणी सुरू करत नाही. चौकशीस येताना जागेचे मोजमाप, पोहोचरस्त्याची रुंदी आणि वाटेतील वीजतारांची उंची यांची नोंद सोबत आणावी.