३० दिवसांचं चॅलेंज आलं कुठून?

महिनाभर साखर बंद, २१ दिवस पहाटे उठायचं, १०० दिवस रोज एक तास कोडिंग शिकायचं... आपल्या ओळखीत कोणी ना कोणी असं काहीतरी करत असतंच, आणि आपणही कधीतरी केलेलं असतं. मी स्वतः गेल्या काही वर्षांत अशी सात-आठ चॅलेंजेस घेतली, काही पूर्ण झाली, काही दहाव्या-बाराव्या दिवशी सुटली, आणि प्रत्येक वेळी सुटलं की वाटायचं संपलं आता सगळं. मग प्रश्न पडला की हे २१ आणि ३० आकडे ठरवले कोणी, आणि एक दिवस चुकला की सगळं पाण्यात गेलं हे तरी कोणी ठरवलं? म्हणून मागचं मागचं वाचत गेले. जे हाती लागलं ते इथे लिहितेय, कारण ते कळल्यापासून माझी चॅलेंज घ्यायची पद्धतच बदलली.

मुदतीचा संकल्प करणं तसं फार जुनं आहे, जगातल्या जवळपास सगळ्या धर्मांत ठराविक दिवसांचे उपास, मौन, काहीतरी सोडणं हे होतंच. पण तिथे किती दिवस आणि काय सोडायचं हे बाहेरून ठरलेलं असतं. आपला विषय आपणच निवडायचा, मुदत आपणच घालायची आणि रोजचा हिशोबही आपणच ठेवायचा, याचं मला सगळ्यात आवडलेलं जुनं उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेला बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिनचा जन्म १७०६ चा. पंचविशीच्या आसपास त्याने ठरवलं की आपण सगळ्या बाबतीत चांगलं वागायचंच, एकही दोष ठेवायचा नाही. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की एका दोषावर लक्ष ठेवावं तर तेवढ्यात दुसरा डोकं वर काढतो. मग त्याने १३ गुणांची यादी केली, त्यात खाण्यापिण्यातला संयम, कमी बोलणं, नीटनेटकेपणा, काटकसर, कष्ट, प्रामाणिकपणा असं सगळं होतं, नम्रता तर एका क्वेकर (एका ख्रिस्ती पंथातल्या) मित्राने तू गर्विष्ठ वाटतोस असं सांगितल्यावर मागून घातली. आणि मग त्याने जी युक्ती केली ती म्हणजे आजच्या चॅलेंजची आईच म्हणायला हवी: एका आठवड्यात एकच गुण. बाकीचे बारा त्या आठवड्यात जसे जमतील तसे. १३ आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार फेरे.

त्यासाठी त्याने एक छोटी वही केली, प्रत्येक गुणाला एक पान, लाल शाईने आखलेले सात दिवसांचे रकाने, आणि रात्री बसून दिवसभरात जिथे चूक झाली तिथे एक काळा ठिपका. बास. ठिपका पडला म्हणून फेरा पहिल्यापासून सुरू करायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुढचा रकाना असतोच. नव्या फेऱ्याला तो जुने ठिपके खरवडून काढायचा आणि तीच वही परत वापरायचा, असं करता करता पानांना भोकं पडली, मग त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली, त्यावर पेन्सिलने खुणा करायच्या आणि ओल्या स्पंजने पुसायच्या. हे वाचताना मला फार आपुलकी वाटली त्याच्याबद्दल. एवढ्या वेळा खरवडलंय म्हणजे किती वेळा परत सुरू केलंय बघा ना.

नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही, तसं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पण वयाच्या ७९ व्या वर्षी मागे वळून बघताना तो म्हणतो की परिपूर्ण तर मी झालो नाहीच, त्याच्या जवळपासही गेलो नाही, तरी प्रयत्न केला नसता तर जेवढा बरा आणि सुखी झालो असतो त्यापेक्षा नक्कीच जास्त झालो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दोनशेहून जास्त वर्षांनी रिसर्चमध्ये जवळपास हेच निघालं, त्याकडे येतेच.

आता दुसरं टोक. १८९० मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ आला, त्यात सवयीवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात तो सांगतो की नवी सवय लावायची असेल तर सुरुवात जोरात करा, आणि ती पक्की मुरेपर्यंत एकदाही अपवाद होऊ देऊ नका. आपण सुताचा गुंडा काळजीपूर्वक गुंडाळत असतो, तो एकदा हातातून सुटला की कितीतरी वेढे उलगडतात, तसंच एका चुकीने होतं असं तो म्हणतो. त्याच प्रकरणात तो असंही सुचवतो की रोज एखादी छोटी गोष्ट केवळ ती करायला नको वाटते म्हणून करा, म्हणजे खरी वेळ येईल तेव्हा मन तयार असेल. हा सल्ला मला आजही पटतो. गुंड्याचं मात्र मला पूर्ण पटत नाही.

कारण तिथून पुढचा सगळा इतिहास बघितला तर दोन घराणी दिसतात, एक फ्रँकलिनच्या ठिपक्याचं, चुकलं तर खूण करा आणि पुढे चला, आणि दुसरं जेम्सच्या गुंड्याचं, चुकलं की गेलं. आपल्यातले बहुतेक जण नकळत दुसऱ्या घराण्यात शिरतात.

मधल्या काळात व्यसनमुक्तीच्या लोकांनी मुदत आणखीच लहान केली. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं, तिथला मंत्रच असा की जन्मभराचं बोलूच नका, फक्त आजचे २४ तास. १९७० च्या दशकात अमेरिकन कॅन्सर सोसायटीने सिगारेटसाठी तेच केलं, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात आणि पुढच्या वर्षी देशभर, एक दिवस ओढू नका, फक्त एक दिवस. कायमचं सोड म्हटलं की माणूस घाबरतो, आजच्यापुरतं म्हटलं की निदान हातातली खाली ठेवतो. मला वाटतं शॉर्ट चॅलेंजचं खरं बळ इथेच आहे, शेवटची तारीख डोळ्यासमोर असते म्हणून सुरुवात करायची हिंमत होते.

आणि २१ चा आकडा? त्याची गोष्ट तर अशी आहे की ऐकून वाईट वाटतं, इतक्या लोकांनी या आकड्यापायी स्वतःला नालायक ठरवलंय. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा प्लॅस्टिक सर्जन होता. त्याला दिसलं की चेहऱ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण २१ दिवस जातात, हात किंवा पाय काढलेल्या माणसालाही तो अवयव अजून आहे असं तितके दिवस वाटत राहतं. १९६० च्या पुस्तकात त्याने लिहिलं की मनातली जुनी प्रतिमा जाऊन नवी बसायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. कमीत कमी! आणि तेही स्वतःच्या प्रतिमेबद्दल, जिमला जाण्याबद्दल किंवा पहाटे उठण्याबद्दल नाही. पुस्तक तुफान खपलं, मग सांगोवांगी 'कमीत कमी' गळालं, 'साधारण' गळालं आणि उरलं काय तर २१ दिवसांत सवय लागते. प्रयोग वगैरे कोणी केलेलाच नव्हता, एका डॉक्टरचं निरीक्षण होतं ते.

खरा प्रयोग व्हायला २००९ उजाडावं लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेतलं, प्रत्येकाने एक सोपी नवी सवय निवडायची, जसं की जेवणासोबत फळ खाणं किंवा संध्याकाळी जेवणाआधी १५ मिनिटं पळणं, आणि १२ आठवडे रोज नोंदवायचं की आज केलं का आणि किती आपोआप झालं. आपोआपपणा जिथे स्थिरावतो तिथपर्यंत मध्यम माणसाला ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतला फरक बघा, कोणाला १८ दिवस तर कोणाच्या बाबतीत हिशोबाने अंदाज निघाला २५४ दिवसांचा. व्यायामासारख्या गोष्टींना खाण्यापिण्यापेक्षा जास्त वेळ लागत होता, ते साहजिकच आहे. आता लोक ६६ चाच नवा २१ करून टाकतात, पण त्या अभ्यासातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ वेगळी आहे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम होत नव्हता. म्हणजे काय तर सुताचा गुंडा खाली पडला तरी फारसा उलगडत नाही.

३० चा आकडा कुठल्या लॅबमधून आलेला नाही, तो कॅलेंडरवरून आला. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्याचे मित्रमंडळी मिळून २१ जणांनी ठरवलं की एका महिन्यात प्रत्येकाने कादंबरी लिहायची, पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबर महिना ठरला, टार्गेट ५०,००० शब्द, म्हणजे दिवसाला १,६६७. चांगलं लिहायचं हे टार्गेटच नव्हतं, फक्त पूर्ण करायचं. आणि एक दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी जास्त लिहून भरून काढता यायचं, म्हणजे हे घराणं फ्रँकलिनचंच. हा उपक्रम पुढे चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण मी लेखक आहे असं स्वतःला म्हणायची पहिली हिंमत कितीतरी लोकांना त्या एका महिन्याने दिली.

मग २००४ मध्ये मॉर्गन स्परलॉकची डॉक्युमेंटरी आली, ३० दिवस फक्त एकाच कंपनीचं फास्टफूड खायचं, आणि पाठोपाठ २००५ पासून त्याची टीव्ही मालिका, त्यात प्रत्येक भागात कोणीतरी ३० दिवस वेगळंच आयुष्य जगून बघायचं. गुगलमधला इंजिनिअर मॅट कट्स आयुष्यात साचलेपण आल्यासारखं वाटत होतं तेव्हा याच स्परलॉककडे बघून ३० दिवसांचे प्रयोग करू लागला, रोज सायकलने ऑफिस, रोज एक फोटो, महिनाभर टीव्ही नाही, साखर नाही, आणि हो, महिन्यात कादंबरीसुद्धा. २०११ च्या टेड या भाषणांच्या कार्यक्रमात त्याने याबद्दल जेमतेम साडेतीन मिनिटं भाषण केलं आणि ते जगभर फिरलं. आज जे ३० दिवसांचं चॅलेंज आपण म्हणतो ते घराघरांत पोचायला ते छोटंसं भाषण फार मोठं कारण ठरलं. त्याच्या बोलण्यातलं मला भावलेलं असं की रोजचा फोटो काढल्यामुळे दिवस नुसते भुर्रकन गेले नाहीत, लक्षात राहिले. आणि छोटे बदल टिकतात हेही तो सांगतो.

सरकारं आणि आरोग्य संस्थाही यात उतरल्या. फिनलंडने तर १९४२ मध्येच, युद्ध चालू असताना, दारूशिवायचा जानेवारी पाळायची मोहीम केली होती. आत्ताचा ड्राय जानेवारी मात्र ब्रिटनमधल्या अल्कोहोल कन्सर्न या संस्थेचा, २०१३ मध्ये सुरू झाला तेव्हा जेमतेम चार हजार लोक होते. त्याच्या थोडं आधी, २०१२ मध्ये, इंग्लंडमध्ये सिगारेटसाठी २८ दिवसांचं ऑक्टोबरचं चॅलेंज आलं. (एक काळजीची गोष्ट, रोज खूप पिणाऱ्या, दारूवर शरीर अवलंबून असलेल्या माणसाने चॅलेंज म्हणून एकदम बंद करू नये, ते जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांना विचारूनच.)

ड्राय जानेवारीवर ससेक्स युनिव्हर्सिटीच्या रिचर्ड डी व्हिसर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१६ मध्ये छापून आला. भाग घेतलेल्या ८५७ जणांची माहिती होती. सहा महिन्यांनी बघितलं तर लोकांचं पिणं आधीपेक्षा कमी झालेलं होतं आणि आपण नाही म्हणू शकतो हा विश्वास वाढलेला होता. आणि ज्यांना महिना पूर्ण जमला नव्हता त्यांच्यातही बदल दिसला, पूर्ण करणाऱ्यांइतका नाही, पण दिसला. हे वाचलं आणि मला म्हातारपणी मागे वळून बघणारा फ्रँकलिनच आठवला. अर्धवट सुटलेलं चॅलेंज वाया जात नाही हो! माझी दहाव्या दिवशी सुटलेली चॅलेंजेस मी इतकी वर्षं हरलेल्या खात्यात टाकत होते.

तरीही गुंड्याचं घराणं जोरात आहेच. साखळी तोडू नका, कॅलेंडरवर रोज फुली मारा, हा सल्ला जेरी साइनफेल्ड या कॉमेडियनच्या नावावर फिरतो, त्याने २०१४ मध्ये स्वतः सांगितलं की ही माझी आयडिया नाही. अ‍ॅपमधल्या स्ट्रीक, म्हणजे न चुकता सलग किती दिवस केलं याची मोजणी, त्याच विचारावर उभ्या आहेत. २०१९ मध्ये अँडी फ्रिसेलाने आणलेलं ७५ दिवसांचं चॅलेंज तर त्याचं टोक, दिवसातून दोनदा ४५ मिनिटं व्यायाम, ठराविक डाएट, १० पानं वाचन, बरंच पाणी, रोज एक फोटो, आणि यातलं एक जरी चुकलं तरी परत दिवस पहिला. काहींना असा कडकपणा मानवतो, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण डाएटवर काम करणाऱ्या जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी फार पूर्वीच दाखवलंय की पथ्य मोडलं असं वाटलं की माणूस थोडक्यात थांबत नाही, आता मोडलंच आहे तर खाऊनच घेऊ म्हणत आणखी खातो. ६०व्या दिवशी शून्यावर आलेल्या माणसाचं काय होत असेल, ते मला तरी बघवत नाही.

राहिला प्रश्न ३१व्या दिवसाचा, म्हणजे मुदत संपल्यावर पुढे काय. कट्सनेही साखरेचा महिना संपल्यावर ३१व्या दिवशी भरपूर गोड खाल्लं होतं, लॅलीच्या आकड्यांप्रमाणे बघितलं तर ३० दिवसांत अनेकांची सवय अजून कच्चीच असते. फ्रँकलिनचे फेरेही पुढे विरळ होत गेले, कामं वाढली, परदेशातले प्रवास वाढले, मग वर्षातून एकच फेरा, मग काही वर्षांतून एक, आणि शेवटी ते बंदच पडले. ती छोटी वही मात्र तो कायम बरोबर घेऊन फिरायचा.