काठ जागेवर नसतो

मे महिन्यात कोल्हापूरकडच्या तुळशीच्या किंवा पाटगावच्या जलाशयावर गेलं, की पाण्याला हात लावायला वाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं. वाटेत जुन्या शेतांचे बांध आणि झाडांची खुंटं उघडी पडलेली दिसतात. ऑक्टोबरात तिथंच पुरुषभर पाणी असतं. नकाशावरची निळी कड धरण भरल्या दिवसाची असते, बाकी वर्षभर काठ सरकत राहतो. चालणारा, सायकलवाला आणि गळ टाकणारा, तिघांचंही गणित या सरकत्या काठावर बसतं.

कोल्हापूरच्या पश्चिमेला घाटमाथ्याच्या कुशीत धरणांच्या पाण्याची रांगच लागली आहे. तुळशी 3.47 टीएमसी, पाटगाव 3.72, राधानगरी 8.36 आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी 25.39. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2,830 कोटी लिटर. हे पाणी चार महिन्यांत जमतं आणि पुढचे आठ महिने ऊस, गावं आणि वीज यांच्यासाठी हळूहळू उतरतं. जिथं किनाऱ्याचा उतार सौम्य, तिथं पातळी थोडी घसरली तरी काठ लांब जातो. जिथं कडा उभी, तिथं तो जवळपास जागेवर राहतो. फिरायला पहिली बाजू मोकळी, गळ टाकायला दुसरी.

उघड्या पडलेल्या गाळावर काही ठिकाणी गाळपेर होते, म्हणजे त्या ओलीवर पीक घेतात. ते शेत असतं, मैदान नव्हे, त्यामुळे सायकल बांधावरूनच न्यावी. गाळ वरून सुकतो, आत मात्र आठवडेच्या आठवडे लोण्यासारखा राहतो. बोटभर रुंद भेगा पडून त्याच्या फरश्या झाल्या असतील तर पाय सहसा टिकतो. चकचकीत, गुळगुळीत, भेगा नसलेला पट्टा दिसला तर वळसा घ्यावा. काठीने टोचून काठी वीतभर सहज आत गेली, तर तिथं माणूसही जाईल. पाय रुतलाच तर दुसरा पाय जोरात रोवू नये, त्याने तोही अडकतो. मागे झुकून, शक्य असेल तर बसकण मारून, वजन पसरवावं आणि रुतलेला पाय आडवा हलवत ओढावा. गाळ पायाला धरून ठेवतो कारण पाय उचलताना खाली पोकळी होते आणि तिथं हवा-पाणी शिरायला वाट नसते. आडवं हलवल्यावर ती वाट तयार होते.

राधानगरीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाला, म्हणजे लक्ष्मी तलावाला, सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी 347.5 फुटांवर पोचलं, की पाण्याच्याच जोरावर ते उघडतात. वीज नको, माणूस नको. एका दरवाजातून 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर पाणी बाहेर पडतं. अभियांत्रिकीचा नमुना म्हणून हे सुंदरच आहे. पण धरणाखालच्या खडकावर बसून फोटो काढणाऱ्याला याचा अर्थ नीट समजला पाहिजे: दरवाजा कधी उघडायचा हे पाणी ठरवतं, आणि वर पाऊस जोरात असेल तर एकामागून एक दरवाजे उघडू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये धरणाखालच्या भोगावती नदीच्या पात्रात उतरू नये, ऊन पडलेलं असलं तरी. पाऊस धरणाच्या वरच्या बाजूला, दाजीपुराकडे पडत असतो.

आता पाण्याच्या आत. उन्हाळ्यात जलाशय एकसंध नसतो, त्याचे थर लागतात. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर तरंगत राहतं. आपल्याकडे हे थर फार पक्के बसतात, कारण पाणी जितकं गरम, तितका एकेका अंशाने त्याच्या घनतेत पडणारा फरक मोठा. 10 अंशांवरून 12 वर गेल्यावर घनमीटरमागे 0.2 किलोचा फरक पडतो. 28 वरून 30 वर गेल्यावर तो 0.58 किलो, जवळपास तिप्पट. एवढा फरक झुळुकीने मोडत नाही. खालच्या थराला हवा मिळत नाही, तळावर कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू खातो, आणि मे महिन्यात बराच तळ माशांसाठी गुदमरलेला होतो.

वरचा थरही फार उदार नाही. 600 मीटर उंचीवर 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.5 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात 7. म्हणून भर दुपारी मासा ना वर रमतो ना तळाशी. मधल्या पट्ट्यात, सावलीत किंवा ओढ्याच्या तोंडाशी थांबतो. उन्हाळ्यात तळाला टाकलेला गळ तासन्‌तास तसाच राहतो यात नशिबाचा दोष नाही.

थर कुठं आहे हे घरच्या सामानाने मोजता येतं. अर्धा लिटरची काचेची बाटली, तिच्या बुडाशी अर्धा किलो वजन, तोंडाला सैल बूच, आणि दर मीटरला गाठ मारलेली दोरी. बुचाला वेगळा दोरा बांधायचा. बाटली हव्या त्या खोलीला सोडून दोऱ्याला झटका दिला, की बूच निघतं आणि त्या खोलीचं पाणी भरतं. मिनिटभर थांबून वर ओढायची आणि लगेच थर्मामीटर बुडवायचा. उशीर केला तर आकडा खोटा येतो, कारण काचेतून पाणी झपाट्याने तापतं. एका मीटरच्या अंतरात तापमान एक-दोन अंशांनी घसरलेलं दिसलं, की थराची सीमा सापडली. गळ तिच्या वर ठेवायचा. हे काम मासेमारी सहकारी संस्थेच्या होडीतून, लाइफ जॅकेट घालूनच करावं. गुऱ्हाळाची काहील महापुरात होडी म्हणून चालते हे खरं, पण हौसेसाठी ती नकोच.

डिसेंबर-जानेवारीत चित्र पालटतं. रात्री पृष्ठभाग गार होऊन जड झालेलं पाणी खाली बसतं, खालचं वर येतं, थर मोडतात. पहाटे पाण्यावर वाफेसारखं धुकं दिसतं तेही गार रात्रींमुळेच: डोंगरउतारावरून घरंगळलेली गार हवा तुलनेने उबदार पाण्याला भेटते आणि वाफ लगेच निवून तिचे थेंब होतात. दृश्य देखणं, पण गळासाठी वेळ चुकीची. थंडीत मासा सुस्त असतो. दहानंतर ऊन लागलं की तो उथळात येतो.

कोणता मासा कुठल्या खोलीला खातो हे ठरलेलं आहे. कटला वरच्या पाण्यातले सूक्ष्मजीव गाळून खातो, रोहू मधल्या भागात चरतो, मृगळ तळ उकरतो, चिलापी काठाजवळ खड्डे करून राहते. रोहूसाठी शेंगदाण्याची पेंड दोन मुठी, कणीक एक मूठ आणि चमच्याने मोजून पाणी. पेल्यातल्या पाण्यात गोळी टाकून पाहावी: पाच मिनिटांत कडा सुटायला लागल्या पाहिजेत, पण गाभा टिकला पाहिजे. कणीक जास्त झाली तर गोळी दगड होते आणि वास पसरत नाही. पाणी जास्त झालं तर फेकतानाच सुटते. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, 0.28 ते 0.30 मिलिमीटर जाडीची पुरे. गळाला पाच वेढ्यांची गाठ मारल्यावर ओढण्याआधी ती ओली करावी. कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन तापतं, कमकुवत होतं, आणि मोठा मासा लागल्यावर नेमकं तिथंच तुटतं.

परवानगीचा मुद्दा थोडक्यात. बहुतेक जलाशयांत मासेमारीचे हक्क सहकारी संस्थेकडे असतात, आधी तिथं विचारावं. राधानगरी अभयारण्याच्या 351 चौरस किलोमीटर हद्दीत गळ टाकायचाच नाही. आणि पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे चढणीचे मासे सोडून द्यावेत. अंड्यांनी भरलेले असतात ते. एक मासा घेतला तर पुढच्या वर्षाचं बीजच टोपलीत येतं.

सायकलवाल्यांनी मोसम उलटा पाहावा. नोव्हेंबर ते मार्च हवा उत्तम, पण रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मागचा दिवा नसलेली ट्रॉली अंधारात शेवटच्या क्षणी दिसते, म्हणून पहाटे अंधारात निघण्यापेक्षा फटफटल्यावर निघावं. 35 मिलिमीटरच्या टायरमध्ये हवेचा दाब डांबरावर 55 ते 60 पीएसआय ठेवावा, मुरुमावर 40 ते 45. त्याखाली गेलं तर दगडाशी रिम आपटते आणि ट्यूब चिमटते. दोन समांतर चिरा दिसल्या तर काट्याला दोष देऊ नका. जांभ्याच्या ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथं उतरून चालत जाणंच शहाणपणाचं.

चालणाऱ्यांसाठी पन्हाळ्याजवळचं मसाई पठार आहे. तिथली पाणथळं पावसानंतर काही महिनेच टिकतात. जांभ्यावरची माती पातळ आणि नत्राला गरीब, म्हणून तिथं सीतेच्या आसवांसारखी कीटक पकडणारी झाडं तग धरतात. ती बोटभर उंचीची, ओलसर पट्ट्यातच वाढणारी; बूट चिखलातून वाचवायला माणूस कडेच्या हिरवळीवर पाय टाकतो आणि नेमकी तीच तुडवतो. चिखलातूनच जावं.

ज्याला ऑक्टोबरात मासे हवेत, त्याने मेमध्ये रिकाम्या काठाचे फोटो काढून ठेवावेत. कुठला बांध कुठं वळतो, ओढ्याची जुनी नळी कुठून जाते, खुंटं कुठं आहेत, हे सगळं टिपावं, आणि फोटोत मागचा डोंगर किंवा वीजखांब येईल असं पाहावं, म्हणजे पुढे पाण्याखालची जागा ओळखता येते. पाणी भरल्यावर मासा त्याच बांधाला लागून फिरतो, आणि त्याच खुंटांत गळ अडकतो.